खांद्यावरचा हात

नत्थूबुवांनी आधी टेबलाला लाथ घातली. डिंकाची बाटली फुटली, कात्रणं खोलीभर उडाली. मग त्यांनी जयाची वेणी धरली आणि तिचं तोंड फरशीवर पडलेल्या कव्हरवर दाबलं.

"पाह्य, डोळे फाडून पाह्य! मी कुठी हावो यात?"

कव्हर बुवांच्याच भजनांच्या सीडीचं होतं. उद्या केळझरला गणपतीपुढं तिचं प्रकाशन. जया गाणाऱ्यांसाठी कोलाज करायची, नागपूरच्या रॅपवाल्या पोरांपासून खंजिरी मंडळांपर्यंत. तिची रीत ठरलेली. आधी गाणं ऐकायचं, मग कात्री उचलायची, आणि कापायचा तो खरा फोटो, झेरॉक्स नाही. बुवांनी दिलेला जोडीचा फोटोही तिनं बिनधास्त कापला होता. मधोमध त्यांची बायको मंदाबाई, भोवती खंजिऱ्या आणि बियाण्याच्या पिशव्यांचे तुकडे. बुवांची फक्त चार बोटं उरली होती, बायकोच्या खांद्यावर. ती कापली असती तर खांदाही गेला असता.

"बुवा, मी तुमचं रेकॉर्डिंग धा खेपा ऐकलं," जया कशीबशी म्हणाली. "तुमचा आवाज मधातच दम सोडते. मागून मंदाकाकूच सांभाळून घेते. गाणं काकूचंच हाय."

झालं! एवढं खरं बोलायची काय गरज होती पोरीला? बुवांनी तिचा उजवा हात फरशीवर दाबला, पिशवीतून खंजिरी काढली आणि तिच्या लाकडी कडेनं मनगटावर मारलं. एकदा. दोनदा. दुसऱ्यांदा हाड मोडलं. त्या हातावरच तिचं सगळं होतं. जया किंचाळली.

"आता काप! कोन्या हातानं कापतं, पाहू दे मले!"

बुवा म्हणावं तरी कसं या माणसाला!

नवऱ्यासोबत आलेल्या मंदाबाई दाराशी बसल्या होत्या. आतापर्यंत गप्प होत्या, तशा तीस वर्षं गप्पच होत्या. त्या उठल्या.

"अवो, सोडा तिले. लेकरू हाय थे."

नत्थूनं वळून त्यांच्या अशी कानाखाली लावली की ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं.

"मले टाका त्या फोटोत! आत्ताच्या आत्ता!"

"टाकतो ना," मंदाबाई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या, कात्री उचलली. खांद्यावरची चार बोटं कापली. खांद्याचा तुकडाही सोबत गेला, जाऊ दिला. सांडलेल्या डिंकात ती बोटं बुडवली आणि फोटोतल्या आपल्याच गालावर दाबून बसवली.

"खांद्यावर तं हात फोटोवाल्यानं ठेवाले लावला होता," त्या जयाला म्हणाल्या. "त्या एकाच दिवशी."

मग पदरानं जास्तीचा डिंक पुसला. ओठ पुसला नाही. कव्हर उचलून त्यांनी नवऱ्याच्या तोंडासमोर धरलं.

"घ्या. आले तुमी फोटोत."