सोमवारची गोळी

नर्सबाईंनी तपासून हात धुतले. "दिवस गेलेत, शिवम्मा. चौथ्या मुलीच्या वेळीच डॉक्टर म्हणाले होते, आता आणखी एक बाळंतपण तुझ्या जिवावर बेतेल. म्हणून तर गोळ्या दिल्या होत्या."

"घेत हुते की बाई. सासूला न कळता, रोज."

"रोज?"

"सोमवार सोडून. सोमवारी कडक उपास असतोय माझा. पाण्याबिगर काय बी तोंडात घालायचं न्हाई."

"अगं, गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या, असं बजावलं होतं ना मी?"

"चुकली कुटं बाई? देवासाठी सोडली."

नर्सबाईंना राग आवरेना. "एवढं काय मागत होतीस देवाकडं?"

शिवम्मानं नुसतं दाराकडं बघितलं. बाहेर बाकावर तिची सासू शेजारी बसलेल्या बाईला कौतुकानं सांगत होती, "चार पोरींच्या पाठीवर नातू पायजे म्हणून दर सोमवारी उपाशी ठेवली सुनेला. तवा कुटं सिद्धेश्वर पावला."