दाढेतलं पाणी

लहानपणी प्यायलेलं पाणी दातात मुरतं, आणि हल्ली यंत्र त्यावरूनच माणसाचं गाव सांगतं. म्हणून नागरिकत्वाच्या मुलाखतीला ठकूबाईंनी पदराच्या गाठीत स्वतःची पडलेली दाढ बांधून नेली.

यंत्रानं दाढ चाखली आणि पडद्यावर तिच्यातल्या पाण्याची खूण उमटवली. साहेब म्हणाले, "आजी, या पाण्याचं गावच नकाशावर नाही. नागरिकत्व नामंजूर."

"असेल कसं? तुमच्या धरणात बुडालं की!"

"त्याला पुरावा?"

ठकूबाईंनी साहेबांचाच अर्धा प्यालेला पेला उचलला आणि त्यातलं पाणी यंत्रात ओतलं. दाढेची खूण पुन्हा जशीच्या तशी उमटली.

"माझ्या गावावरचं पाणी रोज घटाघटा पिता, आणि मलाच विचारता कुठली?" त्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या. "मारा शिक्का. नाहीतर काढा तुमची दाढ, बघू तुम्ही कुठले!"