जेवणातला सोमल

केसांत सोमल नव्हता. डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला लावली, तरी नव्हता.

केस देशाच्या पहिल्या नेत्याचे. शेवटच्या आजारपणात न्हाव्याने कापलेले आणि भक्तांनी संग्रहालयात जपलेले. नेत्याला त्याच्याच स्वयंपाक्याने सोमल घालून मारलं, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. स्वयंपाकी फासावर गेला. तो डॉक्टरांच्या आईचा बाप.

म्हणून तर डॉक्टरांनी हे काम अंगावर घेतलं. नातं लपवलं नाही. उद्या कुणी बोट दाखवायला नको, म्हणून नमुने परक्या प्रयोगशाळेतही पाठवले. लहानपणी वर्गात त्यांना 'विषवाल्याचा नातू' हे नाव चिकटलं होतं. रडत घरी आले की आई एवढंच सांगायची, मान खाली घालायची नाही. बापाने हे केलंच नाही, असं मात्र ती कधी म्हणाली नाही. बिचारी कुठल्या तोंडाने म्हणणार, असं त्यांना वाटे.

आता सगळा उलगडा झाला होता. शवविच्छेदनातून जपून ठेवलेल्या जठराच्या तुकड्यात कॅन्सर ढळढळीत दिसत होता. मग तेव्हा देहात सोमल सापडला कसा? लोकांना अंत्यदर्शन द्यायची घाई, म्हणून त्या शहाण्यांनी आधी देह टिकवायचं औषध भरलं आणि चिरफाड नंतर केली. सोमल त्या औषधातच होता. एक माणूस हकनाक लटकला आणि आपली चूक कुणाच्या गावीही नव्हती. डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आईचे आता फार दिवस उरले नव्हते. निदान हे ऐकून तरी तिने डोळे मिटावेत, एवढीच त्यांची धडपड होती. घरी पोहोचताच ते तिच्या उशाशी बसले, तिचा हात हातात घेतला आणि सगळं सावकाश समजावून सांगितलं.

"आजोबांनी काही केलं नव्हतं, आई. तो माणूस आजारानेच मेला."

"नक्की?"

"नक्की. आता कुणी नाही म्हणू शकणार नाही."

आईने हात सोडवून घेतला. तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माझ्या दादाला त्या नेत्याच्याच माणसांनी घरातून ओढत नेलं. तो परत आला नाही," ती म्हणाली. "आणि त्यानंतरही बाबा त्या नेत्याला नुसतं जेवूच घालत राहिले?"