फकिराची चकली

ठेकेदारानं कामावरून काढल्यावर माझा प्लांटमधला सोबती फकिरा घरी चकली करून ऑनलाइन विकू लागला. ऑर्डर काही येईना, म्हणून मी त्याच्या पेजवर पाच स्टार देऊन ‘उत्तम चकली’ असं लिहिलं. बायको गेल्यापासून मी तिचाच फोन वापरतो, त्यामुळे वर तिचं नाव आलं.

फकिराचा लगेच फोन आला. “भाऊ, हे कोणाले खरं वाटंल? वहिनीनं कधी कोणाच्या फराळाले चांगलं म्हटलं का?”

मी दोन स्टार कमी केले आणि ‘मीठ कमी’ असं लिहिलं.

संध्याकाळी शेजारच्या प्रणिताताई आल्या. बायकोच्या तेरवीचा स्वयंपाक त्यांनीच केला होता.

“वहिनी उगाच कोणाले तीन देणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “मले एक किलो सांगा.”