राहतं घर

एफी गेडिसनं चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या नकाशात आपलं घर पुन्हा शोधलं. घर होतं, पण करड्या रंगात. बाकीची सगळी घरं लाल होती.

बालमुइरच्या सभागृहात दुपारी अख्खा गाव जमला होता. टेकडीवर एकच पवनचक्की उभारायची, तिचा बेत समजावून सांगायला जमीनमालक लॅकलन मॉन्करनं सगळ्यांना चहाला बोलावलं होतं.

“साहेब, एवढा मोठा पंखा कशाला?” मागून ड्युगल खाटीक ओरडला. “आम्हाला इथं कुठं उकडतंय!”

लोक हसले. लॅकलनही हसला. “गावाला वीज मिळेल, ड्युगल. आणि खरं सांगू? ही चक्की झाली नाही तर पुढच्या वर्षी इस्टेट विकावी लागेल मला. मग येणारा मालक चहाही पाजायचा नाही.”

एफी हसली नाही. नकाशाशेजारी चक्कीवाल्या कंपनीची एक मुलगी उभी होती. एफीनं तिला विचारलं, “पोरी, हा करडा रंग कशाचा?”

मुलीनं खालची टीप पाहिली. “रिकाम्या घरांचा, आजी. राहत्या घरापासून पाचशे मीटरच्या आत आम्हाला चक्की उभारता येत नाही. हे घर तीनशेवरच आहे, पण तिथं कुणी राहत नाही ना.”

“मग आज सकाळी तिथली शेगडी कुणी पेटवली?”

मुलगी गोंधळून लॅकलनकडे बघायला लागली. आसपासची बोलणी थांबली.

लॅकलन जवळ आला. एफीचा नवरा इस्टेटीवर मेंढपाळ होता, तेव्हा कोकरांना बाटलीनं दूध कसं पाजायचं ते लहानग्या लॅकलनला एफीनंच शिकवलं होतं. तो आवाज खाली आणून म्हणाला, “एफी, मी येऊन सांगणारच होतो. तुमच्या घराचा भाडेकरार मे महिन्यात संपतोय. खाली नदीजवळ तुमच्यासाठी एक घर पाहून ठेवलंय. पायऱ्या नाहीत. ऊन येतं.”

“कुणी पाहिलं? मी तर नाही पाहिलं.”

“थंडीत तिथं वर तुम्ही एकट्या असता. मला काळजी वाटते.”

“एकटी आहे मी, लॅकी. म्हणून घर रिकामं झालं का रे?”

तो मान खाली घालून उभा राहिला. ड्युगलनं हातातला कप टेबलावर ठेवला आणि उगाच पुन्हा उचलला.

दाराजवळच्या टेबलावर गावकऱ्यांच्या मतासाठी फॉर्म ठेवले होते. एफी तिथं जाऊन बसली. तिनं एकेक अक्षर दाबून लिहिलं. मग कागद नेऊन तिनं त्या मुलीच्या हातात दिला.

“आजी, यात मत लिहायचं राहिलंय,” मुलगी हळूच म्हणाली. “नुसतं नाव-पत्ताच आहे.”

“तेवढंच वाच. मोठ्यानं.”

मुलीनं एकदा लॅकलनकडे पाहिलं. मग वाचलं, “एफी गेडिस. मेंढपाळाचं घर, बालमुइर टेकडी.”

“मागं ऐकू गेलं नाही,” एफी म्हणाली. “पुन्हा वाच.”