नाळेचं नाव

लुसाकातल्या ऑफिसात ब्रिजेट महिनाभर एकच काम उपसत होती: कंपनीच्या सगळ्या कोडमध्ये प्रत्येक नावापुढे लागणारं जुनं आडनाव काढून नवं लावायचं. बाकी सगळं बदललं, पण बाहेरून आणलेली एक जुनाट लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा गठ्ठा, अडून बसली. ती लिहिणाऱ्याचा पत्ता नव्हता, नवी आवृत्ती निघणार नव्हती. प्रोग्राम सुरू केला की ती जुनंच नाव मागायची, सगळं बंद पाडायची आणि मशीनचा पंखा रडका सूर धरायचा.

"अगं, तान्ह्या पोराची तऱ्हा झाली ही," शेजारचा मुसोंडा म्हणाला. "आपल्याकडे घेतात तशी घरातल्या मेलेल्यांची नावं घेऊन बघ. बरोबर नाव लागलं की पोर गप्प."

"तूच घे बाबा. माझ्या डब्यातली न्शिमा थंड होतेय."

शेवटी तिने लायब्ररी उघडून आतलंही प्रत्येक जुनं नाव पुसलं. पंखा पुन्हा रडू लागला. पडद्यावर चूक उमटली, पण आता नाव निराळंच होतं: 'म्वापे सापडत नाही.'

"ही म्वापे कोण गं?"

ब्रिजेटने ते नाव पुन्हा वाचलं. तान्हेपणी तिचं रडं थांबेना, तेव्हा आजीने आपल्या मेलेल्या बहिणीचं हे नाव तिला नाळेचं नाव म्हणून लावलं होतं. ते दोघींपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आजी केव्हाच गेली होती.

पंखा रडतच होता. तिचं डोकं उठलं.

"आहे गं बाई, इथेच आहे," ती वैतागून पुटपुटली.

पंखा एकदम थांबला. पडद्यावर उमटलं: 'म्वापे सापडली.'

मुसोंडाने तिच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग बंद दाराकडे.

"अरे, ब्रिजेट कुठे गेली? आत्ता तर इथे होती!"