नाकसाहेबांचा निकाल

नाकसाहेबांनी चादर उचलून नाकाशी नेली आणि लगेच जमिनीवर टाकली.

"ही धुतलेली आहे?"

"आजच धुतली, साहेब. चांगली उन्हात वाळवली," पाहुणेघर सांभाळणारा म्हातारा म्हणाला.

"धुतली कशात? गटारात?"

म्हाताऱ्याने चादर उचलली, हुंगली आणि दुसरी आणून दिली. तिलाही तोच वास होता. कुजलेल्या मांसासारखा, वरून किंचित गोडसर. बेटावर येताना होडीतच तो त्यांच्या नाकात शिरला होता. आता तो उशीला होता, खिडकीच्या पडद्याला होता, पेल्यातल्या पाण्यालाही होता. त्यांनी घरून आणलेला साबण काढून हात धुतले. तो साबणही बॅगेत बसून बाटला होता.

नाकसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. अत्तरं आणि आइस्क्रीमचे स्वाद बनवणाऱ्या कंपनीत ते वास पारखायचे. त्यांनी मान डोलावली की माल आत, नाक मुरडलं की माल बाहेर. मध्ये दुसऱ्या कुणाला विचारायची पद्धत नव्हती. या वेळी ते बेटावरच्या व्हॅनिलाच्या शेंगा बघायला आले होते.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, पोचलात ना? तब्येत कशी आहे? त्या सर्दीने किती दिवस छळलंय तुम्हाला."

"सर्दी गेली कधीच. पण इथे इतकी घाण आहे की घास उतरत नाही."

मुलीने फोन ओढून घेतला. "बाबा, माझं डोकं हुंगायला कधी येणार?"

"काम उरकलं की लगेच. मस्त न्हाऊन बस."

प्रत्येक दौऱ्यावरून परतल्यावर ते आधी मुलीचं डोकं हुंगायचे. त्याने नाक धुऊन निघतं, असं ते म्हणायचे.

शेंगांच्या शेडमध्ये बायका रांगेत बसून शेंगा निवडत होत्या. मुकादमीण पुढे झाली. उंच, उन्हाने रापलेली बाई. तिने एक जुडी दोन्ही हातांनी पुढे केली.

"बघा साहेब. यंदासारखी शेंग कधी झाली नव्हती."

नाकसाहेबांनी जुडी नाकाशी नेली आणि झटकन तिच्या हातात परत कोंबली.

"बाई, यात काय मेलंय?"

मागच्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. "साहेबांनी येताना आरसा हुंगला वाटतं."

"गप गं!" मुकादमीण ओरडली. मग तिने जुडी स्वतः हुंगली. शेजारणीला दिली. तिने पुढे दिली. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या.

"आम्हाला तर गोडच येतोय, साहेब."

"रोज घाणीत बसलं की घाण कळत नाही. पेट्या हलवा सगळ्या."

पेट्या हलल्या. शेवटच्या पेटीमागे, भिंतीच्या कडेला, एक मेलेला उंदीर निघाला.

नाकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. "आता बोला!"

मुकादमिणीने उंदीर शेपटीला धरून उचलला. तो वाळून अगदी काटकी झाला होता. तिने तो नाकाजवळ नेला.

"साहेब, हा कधीचा वाळून गेलाय. याला कसला वास?"

"शी! टाका तो! मेलेलं जनावर हुंगता आणि त्याच हातांनी शेंगा निवडता?"

तिचा चेहरा पडला. उंदीर बाहेर टाकून, हात घासून घासून धुऊन ती परत आली.

"साहेब, या शेंगांची फुलं एकच सकाळ उघडी असतात. एकेका फुलाला काडीने पराग लावून आम्ही ती फळवली. हा माल गेला तर कंपनी शेडला कुलूप लावणार आहे. या सगळ्याजणी कुठे जातील? उद्या सकाळी एकदा, फक्त एकदा, पुन्हा हुंगा."

"उद्या तो वास जाणार आहे का?"

"निदान आणखी कुणाला तरी हुंगू द्या."

"बाई, कंपनी मला पगार कशाचा देते?"

तिने पेट्यांची झाकणं लावायला घेतली.

नाकारलेला माल कंपनीच्या नावाने बाहेर कुठे विकला जाऊ नये, म्हणून तो पारख्याच्या डोळ्यांदेखत समुद्रात टाकायचा, असा करार होता. बायकांनीच पेट्या धक्क्यावर वाहून नेल्या. कुणी रडलं नाही. आरशाची थट्टा करणारीही आता खाली मान घालून चालत होती. काळ्याभोर, तेलकट शेंगा लाटांवर पसरल्या तेव्हा धक्क्यावरचे हमाल हातातली कामं टाकून जवळ आले. होडीवाल्याने डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

नाकसाहेबांनी तोंड फिरवलं. धक्क्याच्या कडेला वाकून ते ओकले.

परतीच्या वाटेवर त्यांनी काही खाल्लं नाही. बेटाचा वास कपड्यांना चिकटून आला होता. विमानात शेजारच्या माणसाचीही त्यांना शिसारी आली. टॅक्सीत त्यांनी काच खाली केली आणि ड्रायव्हरला विचारलं, "गाडी कधी धुता की नाही?"

"आत्ताच धुऊन आणली, साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

घरी बायकोने दार उघडलं. त्यांनी बॅग बाहेरच ठेवली.

"हे कपडे जाळून टाक. आधी आंघोळ करतो, मग बोलू."

त्यांनी घासून घासून आंघोळ केली. नवा साबण फोडला, तो संपत आला तरी ते घासत होते. कपाटातला कोरा सदरा अंगात चढवला आणि ते खुर्चीत बसले.

मुलगी आतून धावत आली. आत्ताच न्हाली होती, केस अजून ओले होते. ती मांडीवर चढून बसली आणि तिने डोकं पुढे केलं.

"हुंगा ना, बाबा."

नाकसाहेबांनी डोळे मिटले, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि खोल श्वास घेतला.

तोच वास होता.